टाचणीखालची दुसरी चिठ्ठी

मी संग्रहालयातली एक जुनी लाकडी पेटी आहे. वर काच, तळाला मऊ बूच आणि आत टाचण्यांवर पंख पसरलेले जंगलातले पतंग. सुताराने माझे झाकण असे नेटके बसवले, की मुंगीलाही फट सापडू नये. त्याचे उपकार मी अजून मानते.

मित्रांनो, माझ्याकडे प्रत्येक टाचणीला दोन चिठ्ठ्या असतात. वरचीवर जागा आणि तारीख. खालचीवर पतंगाचे मूळ: कोणते झाड, कोणत्या बरणीतली अळी. ती वाचायची तर टाचणी उपसावी लागते, आणि पंख मोडायची भीती! म्हणून ती सहसा कोणी वाचत नाही.

त्या चिठ्ठ्या लिहीत आमचे बरणीकाका. हुद्द्याने शिपाई, पण खिडकीत बरण्या मांडून अळ्यांना असा कोवळा पाला घालत, जसे पोटच्या पोरांना भरवावे.

संशोधक बाई तीन वर्षे माझ्यावर भिंग धरून बसल्या. एका रांगेत पिवळे, पिसासारख्या मिशांचे पतंग. ते दिव्यावर येतात, त्यामुळे ओळखीचे. दुसऱ्या रांगेत मोठे, तपकिरी, दोऱ्यासारख्या मिशांचे.

"ही तपकिरी जात आजवर कुणी नोंदवलेली नाही," बाई एके दुपारी म्हणाल्या. "काका, हिला मी आईचं नाव देणार. उद्याच लेख पाठवते." त्यांची आई जाऊन वर्षही झाले नव्हते.

काका माझ्यातल्या डांबरगोळ्या बदलत होते. त्यांचा हात थबकला.

"बाई, लहान तोंडी मोठा घास घेतो. तुम्ही नवरा-बायकोला दोन आडनावं लावताय."

"म्हणजे?"

"दोन्ही एकाच बरणीतले. एकाच पानावरच्या अंड्यांतले. पिवळा तो नर, तपकिरी ती मादी."

"मग तीन वर्षं तोंडाला कुलूप होतं का?"

"चिठ्ठीत लिहिलं होतं. म्हटलं, तुम्ही वाचलंच असेल."

बाईंनी चिमट्याने पिवळ्या रांगेतली एक टाचणी उपसली, मग तपकिरी रांगेतली. दोन्हींच्या खालच्या चिठ्ठीवर एकच अक्षर, एकच मजकूर: 'बरणी सात.' मला वाटले, आता काकांची खैर नाही. पण बाईंनी डोळे पुसले आणि हसल्या.

"आईनं खोटा दागिना कधी अंगाला लावला नाही, काका. हे नाव तरी कसं लावून घेतलं असतं?"

लेख नव्याने लिहिला गेला. जातीचे जुने नाव तेच राहिले. तिची मादी मात्र पहिल्यांदा ओळखली गेली. अळ्या वाढवणारे म्हणून काकांचे पूर्ण नाव छापले. त्यांनी तो कागद चष्मा पुसून पुसून वाचला.

"घरी दाखवतो. किडे पाळतो म्हणून बायको रोज तोंडसुख घेते!"

आता माझ्यात दोन रांगांची एकच रांग आहे. बाई आणि काकांमुळे ती खरी झाली. माझ्या लाकडाला याहून मोठे भाग्य कोणते? मित्रांनो, मला कधी उचललेत तर दोन्ही हातांनी, आडवी धरा. डांबरगोळी विरली असेल तर नवी ठेवा. आणि कोणाला कोणत्या रांगेत बसवायचे हे ठरवण्याआधी, ज्याने त्याला वाढवले त्याला एकदा विचारा.