माझ्या तळाशी राहिलेलं पाणी

मी एक जुनी बोट आहे, अ‍ॅल्युमिनियमची, सोळा फुटी. आणि मित्रांनो, माझ्यामुळे एका तळ्याचं वाटोळं झालं. चूक माणसाची होती, पण ती वाहून नेली मी.

मिनेसोटातल्या एका कारखान्यात पत्र्याला पत्रा जोडून मला घडवलं. रॉय नावाच्या सुताराने मला विकत घेतलं आणि उत्तरेकडच्या एका लहान तळ्यावर आणलं. वॉलआय हा तिथला मानाचा मासा. त्याच्या काचेसारख्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही, म्हणून तो तिन्हीसांजेला उथळ पाण्यात येतो. रॉयने वीस वर्षं माझ्यात बसून वॉलआय धरले. गुडघे थकले तेव्हा त्याने मला शेजारच्या गिरीशकाकांच्या हवाली केलं.

गिरीशकाका मूळचे सांगलीचे, इथल्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर त्यांना मासेमारीचा नाद लागला. कांचनकाकूंना घरात मासे चालत नसत, त्यामुळे धरलेला मासा थेट रॉयच्या दारात जाई. रॉय माझ्या कडेवर थाप मारून म्हणे, "हिची निगा माझ्यापेक्षा तू चांगली ठेवतोस."

एका ऑगस्टमध्ये काका मला दूरच्या मोठ्या सरोवरावर घेऊन गेले. तिथे झेब्रा शिंपले पसरले होते. नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्यांची पिल्लं पाण्यात तरंगतात, डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, आणि बोटीत राहिलेल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. म्हणून पाण्याबाहेर काढल्यावर तळाचं बूच उघडून माझ्यातलं पाणी ओतून टाकायचं, असा नियमच आहे. काका बुचाकडे वाकले आणि कांचनकाकूंचा फोन वाजला.

"अहो, माझी बहीण शोभना फ्रिस्कोहून येऊन बसलीसुद्धा. फ्लाइट अर्ली होती. कुठे आहात?"

"निघालोच," काका म्हणाले, आणि खरंच निघाले.

माझ्या तळाशी तांब्याभर पाणी राहिलं. दुसऱ्या सकाळी शोभनाताईंना फिरवायला त्यांनी मला आमच्या तळ्यात उतरवलं.

पुढल्या उन्हाळ्यांत पाणी नितळ होत गेलं. पाहुणे कौतुक करत. पण तळाशी वाढणारे शिंपले पाण्यातलं बारीक अन्न गाळून खात होते, हे कोणाला ठाऊक नव्हतं. उजेड तळापर्यंत पोचला आणि वॉलआय दिसेनासे झाले. तिसऱ्या शरदात, तळं गोठण्याआधी धक्क्याचे खांब काढताना रॉयचा तळहात कापला. खांबावर शिंपल्यांचा थर होता.

काका त्याच्या हाताला पट्टी बांधत होते. बांधता बांधता थांबले.

"रॉय, मी त्या वर्षी बूच काढलं नव्हतं."

"तुझ्यामुळेच झालं, हे कशावरून?"

"सिद्ध करता येणार नाही. पण मला आठवतंय."

रॉय उठून घरी गेला. अख्खा हिवाळा तो फिरकला नाही. काकूंनी दोनदा म्हटलं, "जाऊन सॉरी तरी म्हणा." काका म्हणाले, "सॉरी म्हणून काय परत येणार आहे, कांचन?" ते माझ्या शेडमध्ये येत, थोडा वेळ उभे राहत आणि जात.

मे महिन्यात रॉय आला.

"आपलं तळं आता पूर्वीसारखं होणार नाही," तो म्हणाला. "पण टेकडीपलीकडचं अजून शाबूत आहे. बोट जोड गाडीला."

तेव्हापासून दर शनिवारी मी त्या तळ्याच्या, बोटी उतरवायच्या उतारावर उभी असते. पाण्यात मला उतरवत नाहीत. बोट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला काका माझ्या तळाशी हात घालायला लावतात, पाणी कुठे दडतं ते दाखवतात. कोणी वैतागतं, कोणी हसतं. काका आधी स्वतःची चूक सांगतात, मग बूच बघायला आलेल्याच्या बोटीखाली वाकतात. रॉय शेजारी खुर्ची टाकून बसतो. एकही शनिवार चुकवत नाही.

मित्रांनो, मला पोचे पडले तर ठोकून सरळ करता येतात. तळ्याला तसं करता येत नाही. या जूनमध्ये टेकडीपलीकडच्या तळ्याचं पाणी तपासलं, एकही शिंपला सापडला नाही. तुम्ही याल तेव्हा दोन मिनिटं थांबा. तेवढं एक तळं राहू द्या.