मागचा नांगर आणि बलेस्त्रेरीचं पातेलं

सरकारने छापलेल्या इतिहासात आमच्या जहाजाबद्दल जेमतेम तीन ओळी आहेत. कुठल्या बेटांवर रणगाडे उतरवले, मायदेशी कधी परतलं आणि भंगारात कधी गेलं. बस्स! मग एवढी वर्षं आम्ही तिथे काय झोपा काढत होतो? शेवटच्या खेपेला समार बेटावर काय झालं, त्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून मीच सांगतो.

आमचं जहाज म्हणजे सपाट बुडाचा लोखंडी डबा. त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता नंबर. नाक थेट वाळूत खुपसायचं, पुढचे दरवाजे उघडून माल उतरवायचा आणि मागे सरायचं. मागे सरायची युक्ती अशी, की किनारा बराच लांब असतानाच मागचा नांगर टाकून ठेवायचा आणि परतताना त्याचीच तार गुंडाळत स्वतःला ओढून घ्यायचं. ते तार गुंडाळायचं यंत्र माझ्याकडे होतं.

महायुद्ध संपलं होतं. समारच्या एका गावाला तांदूळ पोचवला की दुसऱ्या दिवशी सकाळी ताफ्याबरोबर घरी निघायचं, असा हुकूम होता. आमचा आचारी बलेस्त्रेरी, मॉन्टेरीच्या कोळ्याचा पोर, उठल्यापासून गातच होता. तो आरमारात निघाला तेव्हा त्याच्या बायकोला दिवस गेले होते. पोरगी रोझीना आता दोन वर्षांची झाली होती आणि बापाने तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. "नॉर्बर्ट, नाताळला ती माझ्या मांडीवर असेल बघ," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि नेमका त्याच दिवशी कप्तान हॉकिन्सननी घोळ घातला! कधी न चुकणारा माणूस, पण त्यांचंही मन आधीच घरी पोचलेलं. नांगराचा हुकूम दिला तो किनारा अगदी पुढ्यात आल्यावर. तांदूळ उतरला, संध्याकाळची भरती आली, मी तार गुंडाळायला लागलो, तर ओल्या मातीतून मुळा निघावा तसा नांगरच उपटून माझ्याकडे आला. जहाज जागचं हललं नाही.

"या भरतीत सुटलो नाही, तर एवढं पाणी पुन्हा पंधरा दिवसांनी," कप्तान म्हणाले. "आणि ताफा काही आपल्यासाठी थांबायचा नाही. चूक माझी आहे."

बलेस्त्रेरीचं गाणं बंद पडलं. मला त्याच्याकडे बघवेना.

एकच उपाय उरला. सगळ्यांनी डेकवर या कडेपासून त्या कडेला पळायचं, म्हणजे जहाज डोलतं आणि बुडाखालची वाळू सुटते. माझ्या यंत्राला आता काम नव्हतं, मीही रांगेत. शिट्टी वाजली आणि काय सांगू! निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे, मधोमध नुसत्या टकरी. किनाऱ्यावर गावकरी पोट धरधरून हसत होते.

त्यांचा म्होरक्या मानो इस्को खालून ओरडला, "कप्तानसाहेब, नाच बसवताय की मारामारी?"

"जहाज हलवतोय!" कप्तान वैतागून म्हणाले.

"मग ठेका कुठाय? आणि माणसं एवढीच? थांबा, आलोच!"

अख्खं गाव गिटारी घेऊन वर चढलं, बायकापोरांसकट. सगळ्यांच्या पुढे सत्तरीची लोला पासिंग. कप्तानांनी दरवाजे बंद करून घेतले. बलेस्त्रेरीने सगळ्यांत मोठं पातेलं आणून गळ्यात अडकवलं आणि डावाने बडवायला लागला. धाड! सगळे डावीकडे. धाड! सगळे उजवीकडे.

"पाय उचल की रे! जेवला नाहीस का?" लोला पासिंगने मला ढोसलं.

"आजी, दमलो हो!"

"दमतोस कसला मेल्या, घरी जायचंय ना?"

पाणी उतरायला लागलं होतं. बलेस्त्रेरी रडत होता आणि बडवत होता. "चल गं बये, चल! पोरगी वाट बघतेय माझी!" इंजिनं मागे जोर लावत होती. जहाज डोललं, कुरकुरलं, पुन्हा डोललं आणि सरकलं की हो! असा आरडाओरडा मी लढाईतसुद्धा ऐकला नव्हता. कप्तानांनी टोपी काढली आणि तिथल्या रीतीप्रमाणे लोला पासिंगचा हात आपल्या कपाळाला लावला.

गावकऱ्यांना गरम पाव देऊन छोट्या होड्यांतून परत पोचवलं. लोला पासिंग उतरायलाच तयार नव्हती. "एवढ्यात? आणखी एक गाणं होऊ द्या की!"

नाताळच्या जरा आधी आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला लागलो. धक्क्यावर बलेस्त्रेरीची बायको कार्मेला उभी होती, रोझीनाला घेऊन. तो धावत गेला, हात पसरले आणि हा मिशाळ, ढेरपोट्या माणूस बघून पोरगी भोकाड पसरून आईच्या कोटामागे लपली. तो हाका मारतोय, ती बाहेर येईना. त्याचे हात तसेच रिकामे राहिले.

मग त्याने पाय फाकवले, आपल्या पोटावर थाप मारली आणि डावीकडे झुकला. थाप, उजवीकडे. रडं थांबलं. कोटामागून एक डोळा दिसला. मागे आम्ही सगळे खांद्यावर पिशव्या घेऊन उभे होतो. आम्हीही लागलो डोलायला, डावीकडे, उजवीकडे. रोझीना खुदकन हसली, आईचा कोट सोडला आणि डोलत डोलत बापाकडे गेली.

हे छापा म्हणावं चौथ्या ओळीत.