जागल्या

आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त खप जांभयांचा आहे. बाबा उलटा शर्ट घालून कामावर जातात, आई भाजीत दोनदा मीठ टाकते, आणि वादविवाद स्पर्धेत नुकतीच समोरच्या शाळेची दांडी गुल करून आलेली मी इतिहासाच्या तासाला बाकावर डोकं टेकून घोरते. कारण एकच, माझा पाच वर्षांचा भाऊ. बाबांनी त्याचं नाव जागल्या ठेवलंय.

आजोबा गेले तेव्हा आईने त्याला सांगितलं, आजोबा झोपलेत. मोठी माणसं सांगतात तसंच. तेव्हापासून घरात कुणाचा डोळा लागला की हा हजर. पापणी उचलून बघतो, आणि आपण चटकन उठलो नाही तर रडून घर डोक्यावर घेतो. स्वतः झोपण्याचा तर प्रश्नच नाही.

म्हणून आम्ही दर शनिवारी खेळताईंकडे जातो. मुलांच्या मनात अडकलेली भीती त्या खेळातून मोकळी करतात. त्यांच्या खोलीत वाळूने भरलेलं मोठं तबक आहे, बाहुल्या आहेत, खोटा दवाखाना आहे. काय खेळायचं ते मूल ठरवणार, हा नियम. ताई काही विचारत नाहीत, दिसेल तेवढंच बोलतात. तू सगळ्यांना झोपवलंस. आता तू सगळ्यांना उठवतोयस. जागल्याचा खेळ ठरलेला, बाहुल्या ओळीने निजवायच्या आणि गदागदा हलवून उठवायच्या. फक्त एका म्हाताऱ्या बाहुल्याला तो हात लावत नाही. त्याच्यावर टोपली पालथी घालतो.

आईला हे सगळं पटत नव्हतं. नुसतं खेळायचंच तर घरच्या भांड्याकुंड्यांनी काय घोडं मारलंय, असं ती बसमध्ये कुरकुरायची. आजोबा वारले हे त्याला सरळ शब्दांत सांगा, असं ताईंनी तिला सांगितलं होतं. ती हो म्हणाली आणि टाळत राहिली. मी सांगू का म्हटलं, तर म्हणाली, तुझी जीभ हल्ली फार चुरुचुरु चालायला लागलीय.

या शनिवारी जागल्याने तिलाच खेळात ओढलं. तू डॉक्टर. आईने तपासायची नळी गळ्यात अडकवली आणि सतरंजीवर बसकण मारली. त्याने टोपली उचलली आणि म्हातारा बाहुला पुढे केला.

"हे आजोबा उठत का नाहीत?"

आईने ताईंकडे पाहिलं.

आईने नळी बाहुल्याच्या छातीला लावली आणि बराच वेळ तशीच धरली.

"ते झोपले नाहीयेत, राजा. ते वारलेत. त्यांचं शरीर बंद पडलं, आता ते उठणार नाहीत. झोपलेत असं मी तुला चुकीचं सांगितलं. झोपलेलं माणूस उठतं."

जागल्या असा कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा नाही. त्याने आईला आडवं व्हायला लावलं, आता तू झोप म्हणाला. आईने खोटे खोटे डोळे मिटले आणि तिला खरीच झोप लागली. तोंड उघडं, घोरणं चालू.

मी तिला उठवायला निघाले, तर ताईंनी माझा हात धरला. जागल्याचं बोट आईच्या पापणीपर्यंत गेलं आणि थांबलं. मग त्याने नळी उचलली आणि तिच्या पोटावर टेकवली.

"आवाज येतोय," तो म्हणाला.

"तुला आवाज ऐकू येतोय," ताई म्हणाल्या.

तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला. आमची वेळ संपली, दाराबाहेर पुढचं मूल बूट आपटायला लागलं. ताईंनी त्या मुलाच्या वडिलांना हळू आवाजात थोडं थांबायला सांगितलं. शेवटी आई आपण होऊनच कुशीवर वळली आणि डोळे किलकिले करून बसली. गालावर सतरंजीची नक्षी उठलेली. किती वाजले, तिने विचारलं.

"उठली," जागल्याने ताईंना कळवलं. मग म्हातारा बाहुला वाळूत ठेवला आणि त्याच्यावर हलकेच वाळू सारली.

परतताना बसमध्ये आई बसल्याबसल्या पेंगली. मीही मुद्दाम डोळे मिटले. ते छोटं बोट आलंच. पण या वेळी ते पापणीवर न चढता नाकाखाली थांबलं, माझा श्वास तपासून मागे गेलं. मग माझ्या दंडावर त्याचं डोकं जड व्हायला लागलं.

आमचा थांबा कधी मागे गेला, तिघांपैकी कुणालाच कळलं नाही.