तळहातावरची ओळ

“मेणपाट्या कुठं आहेत?” थेओमेनेस गुरुजींनी विचारलं, आणि त्रिफेनाच्या हातातलं तेलाचं भांडं पडता पडता राहिलं.

नुमेरियसला चौकात निजवलं होतं, पाय दाराकडे करून. सुतकाची खूण म्हणून दाराला सरूची डहाळी बांधून झाली होती. नाव घेऊन हाका मारायच्या, त्याही मारून झाल्या होत्या. त्यानं ओ दिली नव्हती. ताप भल्याभल्यांना नेतो, त्यात हा तर आधीच काटकुळा.

“त्याच्या खोलीत आहेत,” त्रिफेना म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण ती आणायला गेली नाही.

उशाशी नुमेरियसची आई बसली होती. वेट्टिया मळ्यावरच्या घरी राही. निरोप मिळाल्याबरोबर पालखीतून निघाली, तरी पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. पोराचा शेवटचा श्वास आईनं ओठांवर झेलायचा, असा रिवाज. तो झेलला दाईनं, त्रिफेनानं. वेट्टियानं त्यावर चकार शब्द काढला नव्हता, आणि तेच त्रिफेनाला जड जात होतं.

“काल तो काय म्हणाला, ते पुन्हा सांगा, गुरुजी,” वेट्टिया म्हणाली.

“म्हणाला, गुरुजी, कवितेचा शेवट सापडला. रात्री पाटीवर उतरवतो. शेवट आईसाठी आहे.”

“माझ्यासाठी की माझ्यावर?”

विचारणारच ती. आई देवाला कालवड कबूल करते आणि बदल्यात पोरासाठी अधिकाराची खुर्ची मागते, हे त्यानं कवितेत लिहिलं होतं आणि भर मैफलीत वाचलंही होतं. लोक पोट धरून हसले. त्या दिवशी वेट्टिया मळ्यावर गेली ती आज परतली होती.

तसा मुलगा वाईट नव्हता हो. लहानपणी फार अडखळायचा. शब्द तोंडात अडकला की मान आखडायची, डोळ्यांत पाणी यायचं. पाहुणे आले की वेट्टिया त्याला आत पाठवी. आत म्हणजे त्रिफेनाकडे. तिच्याच दुधावर वाढलेला तो. मग हे गुरुजी आले. ग्रीक, फाटक्या अंगरख्याचे, वाढल्या दाढीचे, दुःख मनावर घेऊ नये म्हणणाऱ्या स्तोइक पंथाचे. त्यांनी पोराचं बोट धरून दाईच्या तळहातावर ठेवलं. एक लांब ठोका, दोन आखूड, नाहीतर नुसते दोन लांब, की झाला एक गण. अशा सहा गणांची ओळ. पाचवा पळता, सहावा टेकलेला. त्या ठेक्यावर पोराची जीभ सुटली, आणि मग त्यानं तो ठेका जन्मभर सोडला नाही. लोक म्हणत, याच्या कविता म्हणजे भातातले खडे. त्रिफेनाला कविता कळत नसत, एकेका ओळीत त्यानं सतरा गाठी मारलेल्या. ठेका मात्र तिच्या हाताला पाठ होता.

रात्री तो पाट्यांवर लिही. सकाळी तिच्या हातावर ठोके देत म्हणून बघे. ठेक्यावर उभं राहील तेवढं लेखनिक लव्हाळ्याच्या कागदावर घेई. मग त्रिफेना पितळी उलथणं निखाऱ्यावर तापवून मेण सपाट करी. “रात्री दिवसाचा झाडा घ्यावा आणि सकाळी कोरं उठावं,” ही गुरुजींची शिकवण. त्यानं ती पाट्यांनाही लावली होती.

आज पहाटे तो गेला. न्हाऊ घालणाऱ्या बायका आल्या तशी त्रिफेना खोली आवरायला लागली. पांघरूण घडी केलं, लापशीची वाटी उचलली, उलथणं तापवलं. तो गेलाय हे हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“मी पुसल्या,” ती म्हणाली.

“काय पुसलं?”

“पाट्या, गुरुजी. रोजच्यासारख्या. कागदावर घ्यायच्या राहिल्यात, हे ध्यानातच आलं नाही.”

गुरुजी धावतच आत गेले. पाट्या घेऊन आले, उजेडाला तिरप्या धरून पाहिल्या. एक रेघ नव्हती. त्यांनी त्या जमिनीवर आपटल्या. “मूर्ख बाई! काय केलंस हे तू!”

“वा, गुरुजी,” वेट्टिया म्हणाली. “आपल्या हातात नाही त्याचं दुःख करू नये ना? मुलाचा बाप गेला तेव्हा मला हेच ऐकवलं होतंत. मग आता पाट्या का आपटता?”

गुरुजी मटकन खाली बसले आणि तोंडावर अंगरखा ओढून रडले.

वेट्टिया त्रिफेनाकडे वळली. “तुला फटके द्यावेत, तर तू आता दासीही नाहीस. त्यानंच सोडवलं तुला.” तिचा आवाज बारीक झाला. “मला एवढंच कळायला हवं होतं गं. जाताना राग होता, की नव्हता.”

त्रिफेनानं आपल्या हातांकडे पाहिलं. आईच्या वाट्याचा श्वास आपण घेतला, तिच्यासाठीचे शब्दही आपणच पुसले. आणखी काय उरलं?

“मालकीणबाई, पहाटे तो एक ओळ म्हणत होता. ती पाटीवर नव्हतीच.”

गुरुजींनी तोंडावरचा अंगरखा बाजूला केला. “कुठली ओळ?”

“शब्द ऐकूच आले नाहीत. नुसते ओठ हलत होते. पण बोट चालत होतं, माझ्या हातावर.”

गुरुजींनी तळहात पुढे केला. त्रिफेनानं त्यावर बोट टेकवलं. लांब, लांब. लांब, आखूड, आखूड. लांब, लांब. लांब, लांब. गुरुजी ओठांतल्या ओठांत मोजत होते. चार गण झाले. बोट थांबलं.

“पुढे?”

“पुढचा ठोका आला नाही, गुरुजी. तेवढ्यातच हात गार पडला.”

दारात अंत्ययात्रेचे बासरीवाले येऊन थांबले होते. कुणीतरी त्यांना खुणेनं गप्प राहायला सांगितलं. वेट्टिया उठली आणि त्रिफेनाच्या समोर जमिनीवर बसली. या घरात ती जमिनीवर बसलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

“मला दे,” ती म्हणाली, आणि तिनं आपला हात उताणा करून दाईच्या मांडीवर ठेवला.

त्रिफेनानं तिच्या तळहातावर ती ओळ दिली. हळू, त्यानं दिली होती तशी. चौथा गण संपताच बोट उचललं, तरी वेट्टियानं हात मागे घेतला नाही.