उडालेला डाग

पंख्याखाली कागद वाळत होता आणि खोलीभर माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती.

"पहिल्या दिवशी असाच कागद या काकूंच्या छातीवर ठेवला," तेलमहाराज म्हणाले. "थेंब टाकला, डाग राहिला. का? रोग आत पाय पसरून बसला होता. एकवीस दिवस रानझुडपाचं तेल चोळलं. आज बघा, कागद कोरा. डाग उडाला, रोग उडाला. आता गोळ्या कशाला?"

माणसांनी हात जोडले. मागे धाकटीने आपल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, धरलं होतं. अक्काच्या पाठीचे मणके तिच्या बोटांना लागत होते.

अक्का शिवणकाम करायची. क्षयाच्या गोळ्या तिने चार महिने नेमाने घेतल्या. दोनच महिने उरले होते. इथे तिचाही डाग उडाला आणि उरलेल्या गोळ्या शिलाई मशीनच्या खणात गेल्या. आता खोकला परतला होता, म्हणून ती पुन्हा तेलासाठी आली होती.

धाकटीची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच थिजली. चौकटीत तिचाच अहवाल होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने याच झुडपाच्या पानांचं तेल काढलं होतं, त्यातले घटक शोधले होते, जंतूंवर थेंब टाकून पाहिला होता. जंतू मेले होते. खाली तिचं नाव.

ती पुढे झाली. "महाराज, अक्का सांगते, पहिल्या दिवशी निळ्या बुचाची बाटली, आणि शेवटी पांढऱ्या बुचाची. असंच ना?"

"ताई, बूच बघू नये, भाव बघावा."

"भाव घरी बघेन." तिने डुगडुगत्या टेबलावर दोन कागद ठेवले, दोन्ही बाटल्यांतला एकेक थेंब टाकला. थोड्या वेळाने पांढऱ्या बुचाचा कागद कोरा झाला. दुसऱ्यावर डाग तसाच.

"पांढऱ्या बुचाने टेबल बरं झालं," ती म्हणाली. "पाय मात्र अजून डुगडुगतोय."

कोणीतरी हसलं.

"पांढऱ्यात नुसतं सुगंधी तेल आहे. ते कापरासारखं हवेत उडतं. निळ्यात खायचं तेल मिसळलंय, ते उडत नाही. रोगाचा यात काही संबंध नाही."

महाराजांनी चौकटीकडे बोट दाखवलं. "पण जंतू मरतात, असं त्या अहवालात लिहिलंय ना?"

"मीच लिहिलंय. मरतात. काचेच्या बशीत. निखाऱ्यानेही मरतील. म्हणून निखारा गिळायचा का?"

महाराजांनी बाटल्या आवरल्या. काकूंनी पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट हळूच चाचपलं.

बाहेर पायरीवर अक्का धापा टाकत बसली. म्हणाली, "त्या चौकटीत खाली तुझं नाव होतं गं. मला त्यातलं काय कळतंय? म्हटलं, माझ्या धाकटीने पाहिलंय, म्हणजे खरंच असणार."

धाकटीने तिला उठवलं आणि तिथूनच दवाखान्यात नेलं.

अर्धवट सोडलेल्या औषधाने जंतू निगरगट्ट झालेत, असं डॉक्टर म्हणाले. नवी औषधं सुरू झाली, पण फुप्फुसांत काही उरलं नव्हतं. चार महिन्यांनी अक्का गेली.

आता धाकटीच्या प्रत्येक अहवालावर, नावाच्याही आधी, एक ओळ असते : "हे बशीत पाहिलं आहे, माणसात नाही. चालू औषध थांबवू नका."

देवाकडे बळ जरूर मागावं. ती स्वतःही रोज मागते. पण गोळी आपल्याच हाताने घ्यायची असते, शेवटची संपेपर्यंत. अक्काच्या मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली, दोन महिन्यांच्या गोळ्या अजून तशाच आहेत.