टक न वाजणारं बटण

मी काचेचं बटण बोलतोय. भिंतीवरचं नाही, आता ड्रॉवरमधलं. वय विचाराल तर तीन वर्षं. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं, हसायचं कारण नाही.

कारखान्यात मला रबराच्या बोटाने तपासलं. माणसाचं बोट कुणी लावलंच नाही. पास झालो, खोक्यात गेलो.

एका मुलाने मला आईच्या खोलीत बसवलं. तिचे गुडघे गेलेले. जुनं टकटक बटण उपटून तो म्हणाला, "आई, आता उठायचं नाही. नुसतं म्हणायचं, दिवा लाव."

"आणि हाताने लावायचा असला तर?"

"काचेला बोट लाव की."

लावलं. तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले, बोटांची टोकं सुकून कातड्यासारखी झालेली. माझ्या काचेला ती कळेनात. दार ठोठावावं तशी ठोकत राहिली बिचारी. सुनेने नुसतं टेकवलं की लख्ख.

मग राहिलं बोलणं. पोराने कोपऱ्यात एक आवाज ऐकणारी डबी ठेवली होती. त्या डबीने ऐकायचं, तिने हॉलमधल्या वायफायच्या डब्याला सांगायचं, त्याने मला. मधेच निरोप अडकायचा. म्हातारी अंधारात बसून तेच तेच म्हणायची, शेवटी सुनेला हाक मारायची. आपल्या खोलीतला दिवा आपल्या हातात नाही, हे तिला फार लागलं. मी समोरच होतो, दिसत होतं.

पोरगा रोज माझ्यामागे. बंद कर, चालू कर, परत जोड. अंगाचा भुगा झाला माझ्या. सून म्हणाली, "तुमच्यावरच गेलाय हा दिवा. तीनदा सांगितल्याशिवाय हलत नाही."

शेवटी त्याने वायफायचा डबा आणून आईच्या उशाशी ठेवला. आणि निरोप पोचायला लागले. चार दिवस मी एकदाही चुकलो नाही.

पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला म्हातारीने दाराकडे बघितलं, हात लांब करून डब्याचं बटण बंद केलं आणि गरीब आवाजात म्हणाली, "दिवा लाव."

कसा लावू?

पोराची पावलं वाजली की डबा परत चालू, पण निरोप पोचवायला त्याला दोन-चार मिनिटं लागायची. तो येऊन बघणार, "दिवे तर लुकलुकतायत याचे." मग शिव्या मला. असं महिनाभर. मला तोंड असतं तर सांगितलं असतं. नसतंही कदाचित.

वायरमन आला. मला उलटंसुलटं केलं, म्हणाला, "यात काही बिघडलेलं नाही."

"मग लागत का नाही?" पोरगा वैतागला. "काढून टाका. जुनं बसवा."

जुनं बसलं. म्हातारी भिंत धरत उठली. टक. उजेड. टक. अंधार. टक.

"आई, बल्ब जाईल अशाने."

"जाऊ दे. माझ्या हाताने जाईल."

परवा दोऱ्याचं रीळ शोधायला तिने ड्रॉवर उघडला. मला उचललं, पदराने पुसलं. "तुझी काही चूक नव्हती रे," म्हणाली. "पण आपल्याच खोलीत दिव्यापुढे किती हात जोडायचे?" आणि मला रिळांच्या मागे सरकवलं.

माझा एखादा भाऊबंद घरात आणाल, तर ज्याची खोली आहे त्याचं बोट आधी लावून बघा. बाकी मला काही नको. परत भिंतीवर तर नकोच, दमलोय मी.

दिवस मावळला की बाहेर टक होतं. ड्रॉवरच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येते. पडल्या पडल्या तेवढी बघतो.