खैरमाळाच्या लढाईचं आभारप्रदर्शन

डॉ. अच्युत हुद्दार यांच्या ग्रंथातली खैरमाळाची लढाई मंगळवारी सकाळी पुस्तकातून बाहेर आली आणि वाचनालयाच्या मागच्या पटांगणात चालू राहिली. चालू झाली असं म्हणता येणार नाही, कारण ती आधीपासून चालूच होती. पुस्तकात तिचा शेवट झाला नव्हता, एवढंच. शेवटच्या पानावर हुद्दारसरांनी लिहिलं होतं, 'अशा रीतीने हे युद्ध संपले.' सैनिकांनी ते वाक्य वाचलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि कोणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

वाचनालयाने सुरुवातीला दुर्लक्ष केलं. सायकली लावायच्या जागेत घोडे बांधतात, अशी सभासदांची तक्रार आली तेव्हा तक्रारपेटीची किल्ली सापडत नव्हती. मग वर्तमानपत्रांच्या दालनाची खिडकी भाल्याने फुटली. मग लढाई आतच आली. कोणी पुस्तक बदलायला गेलं की ज्या दाराने शिरेल त्या बाजूच्या सैन्यात भरती होऊ लागलं. ग्रंथपाल तिरंदाज झाले आणि, चष्मा असूनही, बरे निघाले. कोणी मरत नव्हतं, कारण शेवट नव्हता. पण कोणी घरीही जात नव्हतं, आणि गावातली अर्धी घरं जेवण झाकून वाट पाहत होती.

शेवटी वाचनालयाचे कार्यवाह शेटे ललिता कानविंदे यांच्या घरी आले. त्यांच्या हातातल्या पिशवीतून आरपार एक बाण गेला होता.

"बाई, तुम्हाला यावं लागतंय."

"मी कशाला? ग्रंथ हुद्दारांचा आहे. त्यांना बोलवा."

"बोलावलं की. ते म्हणाले, लेखकाचं काम लिहिण्यापुरतं. मग दोन्हीकडच्या सेनापतींनी मिळून त्यांना सभागृहात बसवून ठेवलंय. गेल्या दोन दिवसांच्या लढाईत त्यांचं तेवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं."

"चहा घेणार?" बाईंनी विचारलं. त्यांना बरं वाटलं होतं.

कानविंदेबाई आणि हुद्दारसर एकाच कॉलेजात इतिहास शिकवायचे. सर विभागप्रमुख होते. युद्धं सुरू कशी होतात यावर जगात पुष्कळ पुस्तकं आहेत, पण ती संपतात कशी, याचा शोध बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालून घेतला, आणि खैरमाळाच्या लढाईचं बाड सरांकडे दिलं. सर म्हणाले, "नजरेखालून घालतो." नजरेखालून घालता घालता ते निवृत्त झाले आणि मागच्या रविवारी ग्रंथ प्रकाशित झाला. मुखपृष्ठावर सरांचं नाव होतं. प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ होती: 'श्रीमती ललिता कानविंदे यांनी हस्तलिखिताची स्वच्छ प्रत करून दिली, त्याबद्दल आभार.' बाईंनी ती ओळ जेवताना वाचली. त्यांनी पानातलं काही टाकलं नाही, ताकभातापर्यंत व्यवस्थित जेवल्या, आणि तेव्हापासून रोज त्या 'स्वच्छ' या शब्दापाशी थोडा वेळ बसत.

मात्र एक गोष्ट सरांना मिळाली नव्हती. शेवटचं प्रकरण बाईंनी लिहिलंच नव्हतं. ते त्यांच्या डोक्यात होतं.

"विजयाने युद्ध संपत नाही, शेटे," बाई म्हणाल्या. "तहाने तर नाहीच. कोणीतरी उभं राहून एकेकाचं नाव घ्यावं लागतं, त्याने काय केलं ते खरं खरं सांगावं लागतं, आणि त्याचे आभार मानावे लागतात. मग तो माणूस घरी जातो."

शेट्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे समारोपाचा कार्यक्रम! अहो, मग हे आपल्या हातातलं आहे. आभार तुम्ही मानाल?"

"मानते."

"यादी काढून देऊ?"

"नको. मला सगळे पाठ आहेत."

बाईंनी ठेवणीतली हिरवी इरकल काढली. निऱ्या घालताना त्यांनी मनाशी पक्कं केलं की सगळ्यांची नावं घ्यायची, दोन्ही सैन्यांची, हत्तीघोड्यांचीसुद्धा, आणि एक नाव घ्यायचं नाही. सगळं गाव घरी जाईल आणि अच्युत हुद्दार युद्धात राहतील. एकटे. कायमचे.

कार्यक्रम पाचला होता, सव्वापाचला सुरू झाला. दोन्ही सेनापतींनी दीपप्रज्वलन केलं. एकमेकांच्या छावण्या ज्या मशालीने पेटवल्या होत्या तिनेच. मधली वाट सोडून डावीकडे एक सैन्य बसलं होतं, उजवीकडे दुसरं, लग्नातल्या दोन पक्षांसारखं. ईशस्तवन चालू असताना त्यांनी लढणं थांबवलं नाही, पण आवाज खाली आणला. पुस्तकातून अजून माणसं येतच होती, आणि त्यांच्या खुर्च्या मावाव्यात म्हणून सभागृहाची मागची भिंत थोडी थोडी मागे सरकत होती. शेवटच्या रांगा आता पोस्टाच्या पलीकडे गेल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांचं भाषण रद्द केलं होतं. त्यांना बाण लागला होता, पण मान सोडवत नाही म्हणून ते बसून होते.

हुद्दारसर व्यासपीठावर मधल्या खुर्चीत होते. प्रकाशनाच्या दिवशी मिळालेली शाल त्यांनी कानापर्यंत गुंडाळून घेतली होती. बाई माइकपाशी आल्या तेव्हा त्यांनी मान किंचित लववली, परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकाकडे बघून लववावी तशी.

"पहिले आभार दावलजी मशालजींचे," बाई म्हणाल्या. "वादळ होतं त्या रात्री त्यांनी उजेड जाऊ दिला नाही. शत्रूच्या जखमींनाही त्यांनी वाट दाखवली, हे कोणाला माहीत नाही."

उजवीकडून एक म्हातारा उठला. त्याने मशाल ईशस्तवनाच्या पेटीजवळ टेकवून ठेवली, नमस्कार केला आणि बाजूच्या दाराने घरी गेला. तो गेला तशी त्याची खुर्ची मिटली आणि सभागृह एका खुर्चीने लहान झालं.

मग बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. भिस्ती, बारगीर, नालबंद, दोन्हीकडच्या स्वयंपाकिणी. पळून गेलेला एक जण होता, त्याचेही आभार मानले, कारण पळताना त्याने एका लहान मुलीला खांद्यावर घेतलं होतं. चंचल नावाच्या हत्तिणीचे आभार मानले. तिने एका पडलेल्या माणसावर ठेवलेला पाय परत उचलला होता. हत्तीण बाजूच्या दारातून गेली. दार तेवढंच होतं, पण गेली. त्यानंतर गावातल्यांची पाळी आली. ग्रंथपालांनी धनुष्य जागेवर नेऊन ठेवलं, विषयवार. प्रमुख पाहुणे बाणासकट घरी गेले. दोन्ही सेनापती दारापाशी "आधी आपण, आधी आपण" करत बराच वेळ अडले आणि शेवटी एकदमच बाहेर पडले.

"वाचनालयाचे कार्यवाह श्री. शेटे यांचे आभार. त्यांनी कोणाच्या बाजूने न लढता दोन्हीकडे चहा पोचवला."

शेट्यांचे डोळे भरून आले. निघता निघता ते कुजबुजले, "बाई, सरांचं राहिलं हो."

"शेटे, तुमचं झालंय. निघा."

शेट्यांचे पाय त्यांना घेऊन गेले.

मागची भिंत आता व्यासपीठाला येऊन टेकली होती. खोलीत बाई होत्या, सर होते, माइक होता आणि जाणाऱ्यांनी खाली ठेवलेलं सगळं युद्ध होतं. तलवारी, नगारे, धूळ, ओरडणं. ते तिळभरही कमी झालं नव्हतं. माणसं तेवढी कमी झाली होती. आता ते दोघांत निम्मं निम्मं होऊन पायांशी येऊन बसलं.

"संपलं?" सरांनी विचारलं.

"संपलं."

"माझं नाव राहून गेलं."

"राहून गेलं नाही. ठेवलं."

"कानविंदे, हा पोरकटपणा आहे."

"आहे ना."

सरांनी शाल जरा सैल केली. त्यांना काहीतरी सुचलं होतं. वर्गात विद्यार्थ्याची चूक सापडली की ते असेच आधी शाल किंवा कोट सैल करत.

"आणि तुमचं काय? आभार मानणाऱ्याचे आभार कोणी मानतं का हो? तुमच्या संशोधनात सापडलंय कुठे?"

बाईंनी आठवून पाहिलं. सापडलं नव्हतं. "माझ्या कसल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या म्हणा. ग्रंथावर नाव तुमचं आहे."

"म्हणजे तुम्हीही इथेच."

"म्हणजे तुम्हीच उरलात, सर, माझे आभार मानायला. माना. मग मी तुमचे मानते आणि दोघं घरी जातो. फक्त, काय केलं ते खरं सांगावं लागेल." बाईंनी माइक त्यांच्याकडे वळवला. "एक वाक्य आहे. 'हा ग्रंथ ललिता कानविंदे यांनी लिहिला.' तुम्हाला तोंडपाठ असेल."

हुद्दारसर उभे राहिले. समोर कोणी नव्हतं, तरी त्यांनी घसा साफ केला आणि सभेचा आवाज लावला.

"श्रीमती ललिता कानविंदे यांनी..." ते म्हणाले आणि थांबले.

बाईंची पावलं हलकी झाली. स्वतःचा फार राग आला त्यांना. इतक्या वर्षांनी, एवढ्याशा नावाने पावलं हलकी व्हावीत.

"...हस्तलिखिताची स्वच्छ प्रत करून दिली, त्याबद्दल आभार."

बाईंचा उजवा हात मनगटापासून सुटला. दुखलं नाही, रक्त आलं नाही. हात टेबलाच्या कडेवरून खाली उतरला, दाराच्या फटीतून बाहेर पडला आणि घरी गेला. जेवढ्या कामाचे आभार मानले होते, तेवढा भाग मोकळा झाला होता. बाकीच्या बाई तिथेच होत्या.

"नियम तुमचाच," सर म्हणाले.

"बरोबर. नियमात बसतं हे."

युद्धाने दोन घोडे आणून उभे केले. सरांनी तरुणपणी एन.सी.सी. केली होती, ते शाल सावरत बऱ्यापैकी वर चढले आणि एक लांब तलवार उचलली. बाईंनी खुर्चीवर पाय देऊन, इरकलीचा काचा मारून, खोगीर गाठलं. लगाम डाव्याच हातात धरायचा असतो, त्यामुळे तेवढं जमलं. तलवारीचा हात नव्हता. सरांनी ते पाहिलं आणि खोली त्यांच्यासाठी घोडा दौडवता येईल एवढी लांब झाली, बाईंच्या पाठीशी मात्र भिंतच राहिली.

"शरण या, बाई," सर पलीकडून म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत तुमच्यासाठी ओळ वाढवतो. 'मौलिक सूचना' असं घालू."

"सूचना कोणत्या, तेही लिहाल?"

"जागा पाहून."

तेवढ्यात बाईंना मनगटाच्या पुढे, जिथे काही नव्हतं तिथे, पेनाचा गारवा लागला. हात घरी पोचला होता. त्याने टेबलावर कागद सरळ केल्याचं त्यांना कळलं. मग त्याने लिहायला सुरुवात केली, बाईंच्या नेहमीच्या अक्षरात, शेवटचं प्रकरण.

'हुद्दारांनी घोड्याला टाच मारली.'

सरांनी घोड्याला टाच मारली. घोडा सुटला. धुळीतून शाल फडफडत जवळ येऊ लागली.

'त्यांनी तलवार वर उचलली.'

सरांनी तलवार वर उचलली. ती बाईंच्या मानेपासून वीतभर अंतरावर होती, तेव्हा घरी हात थांबला. सर थांबले. घोड्याचा पुढचा एक खूर जमिनीला लागायचा राहिला. धूळ होती तिथेच उभी राहिली. सरांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला होता, तो भुवईपाशी थबकला.

"कानविंदे," सर ओठ न हलवता म्हणाले, "पुढे काय आहे?"

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. इतक्या जवळून त्यांनी सरांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी हाताने पेन कडेला ठेवलं आणि तो पाण्याच्या पेल्याकडे वळला. त्याला घाई नव्हती.